मेदोकचे मोरचूद, पांढुर्ण्याचे संत्रे

नागपुराहून उत्तरेस निघालेला रस्ता सावनेरास पोचला की दुभंगतो. डावी शाखा पांढुर्ण्यावरून मुलताई आणि बैतूलच्या दिशेने जाते, उजवी सौंसर आणि रामाकोना ओलांडून सिल्लेवानीच्या घाटाने छिंदवाड्याच्या पठारावर चढते. आणि या दोन शाखांच्या बेचक्यात, सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, कन्हान आणि जाम या नद्यांच्या खोऱ्यांत जो काळ्या जमिनीचा मुलूख पसरला आहे, त्यातून कार्तिकाच्या अखेरीस प्रवास करणाऱ्या माणसाला वाटेच्या दोन्ही अंगांना गर्द पानांतून डोकावणारा केशरी रंग इतका वेळ सोबत करतो की पुढे पुढे तो रंग नसलेले एखादे तुरीचे शेत लागले तर चुकल्याचुकल्यासारखे होते. हा संत्र्यांचा मुलूख आहे. महाराष्ट्रातला वाचक संत्रे म्हटले की नागपूरचे नाव घेतो, फार तर वरुड-मोर्शीचे. पांढुर्णा आणि सौंसर ही नावे त्याच्या ओठांवर सहसा येत नाहीत. फळाच्या गुणात शोधू गेल्यास याचे कारण सापडत नाही. ते सापडते सरकारी आणि व्यापारी दप्तरांत.

त्या दप्तराची पहिली पाने गोंडांची. सौंसरच्या उत्तरेस, छिंदवाड्याच्या अलीकडे, देवगडचा किल्ला आहे. तेथल्या गोंड राजांची सत्ता या साऱ्या प्रदेशावर होती, आणि त्यांच्यापैकी बख्त बुलंद नावाच्या राजाने अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी, 1702 च्या सुमारास, डोंगर उतरून सपाटीवर जे शहर वसविले तेच आजचे नागपूर. म्हणजे ज्या शहराच्या नावाने येथले फळ आज जगभर विकले जाते, ते शहरच मुळात या डोंगरांतल्या राजाच्या इच्छेने जन्मास आले, ही गोष्ट पांढुर्ण्याच्या बाजारात मी कोणाकोणाला सांगितली तेव्हा ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले ते पाहण्यासारखे होते. गोंडांमागून भोसले आले. दुसऱ्या रघूजींनी औरंगाबादेहून संत्र्याची रोपे आणवून नागपुरात आपल्या बागेत लावली आणि तेथून हे फळ मुलखात पसरले, असे परंपरा सांगते. तिसरे रघूजी 1853 साली निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले, 1861 साली मध्य प्रांत अस्तित्वात आला, आणि सौंसर ही छिंदवाडा जिल्ह्याची मराठी तहसील म्हणून मालगुजारांच्या आणि पटवाऱ्यांच्या कागदांत स्थिरावली. मग 1 नोव्हेंबर 1956 चा दिवस उजाडला. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, आणि त्याच्यासोबत ही मराठी तहसील, मध्य प्रदेशात राहिली. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. पण राज्याची सीमा होती तेथेच आहे.

सीमा म्हणजे काय, हे येथे बोलण्यात कळते. दुकानांवरच्या पाट्या हिंदीत, तहसिलीतले अर्ज हिंदीत, मुलांची क्रमिक पुस्तकेही बहुतेक हिंदीत. आणि त्या अर्जांपायी कचेरीच्या पायरीवर जी भांडणे होतात ती मात्र अस्सल नागपुरी वळणाच्या मराठीत. शेतकऱ्याला येथेही कास्तकारच म्हणतात. पोळा येथे दिवाळीइतकाच मोठा, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांनी परस्परांवर दगडांचा वर्षाव करण्याची जी गोटमार होते, तिच्यामुळे वर्षातून एकदा वृत्तपत्रांना पांढुर्ण्याची आठवण होते. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून नेताना नदीत दोघेही गाठले गेले, अशी तिच्यामागची कथा. रक्तबंबाळ होणाऱ्या या उत्सवाविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी तो विषय येथेच सोडतो. ज्या गावाची ओळख वर्षातल्या एका दिवसाच्या दगडांनी व्हावी आणि उरलेल्या दिवसांच्या फळांनी होऊ नये, त्या गावाविषयी मला सहानुभूती वाटते, एवढेच नोंदवतो.

पांढुर्णा हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे ठाणे. इंग्रजी अमदानीत येथे सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले, आणि कापूस हेच येथले धन होते. आजही कापूस आहे, परंतु गावाबाहेर पडताच संत्र्यांचे बगीचे सुरू होतात. पहिल्याच बगीच्यात शिरलो तेव्हा फळांच्या आधी माझे लक्ष गेले ते बुंध्यांकडे. जमिनीपासून कमरेपर्यंत प्रत्येक खोड निळसर पांढऱ्या लेपाने माखलेले होते, आणि ओळीच्या ओळी तशा, जणू कोणा टापटिपीच्या अधिकाऱ्याची स्वारी यायची होती. मालक चाळिशीतला, बोलण्यात मोकळा. हे काय लावले आहे, असे विचारताच तो म्हणाला, “बोर्डो आहे काकाजी. डिंक्याची दवा. पाऊस यायच्या आधी एकदा अन् पाऊस गेल्यावर एकदा लावाच लागते, नाही तर झाड गेलंच समजा.” कोठून आली ही दवा, या प्रश्नावर त्याने खांदे उडवले. “माह्या बाबाच्या वेळपासून लावून राहिलो. क्रुषी खात्यानं सांगितली असन.”

कृती त्याने तोंडपाठ सांगितली. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद एका प्लास्टिकच्या भांड्यात भिजवायचे, चुना दुसऱ्यात, आणि मग दोन्ही एकदम ओतीत लाकडी काठीने ढवळायचे. धातूचे भांडे वापरायचे नाही. मिश्रण नीट साधले की नाही याची परीक्षाही त्याने करून दाखवली: विळ्याचे पाते क्षणभर त्यात बुडवून वर काढले आणि उन्हात धरले. पात्यावर तांबूस पुट चढले तर मोरचूद मोकळे राहिले, चुना आणखी हवा. पाते स्वच्छ निघाले. हेच द्रव्य पानांवर फवारायचे असेल तर दहाऐवजी शंभर लिटर पाणी.

या साध्या, निळ्या लेपाच्या मागे जी हकीकत आहे ती फ्रान्सच्या नैऋत्येची, आणि त्या मुलखाचे नाव जगात तांबड्या वाइनीमुळे दुमदुमते. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या मिळून जीरोंद नावाची रुंद खाडी होते, तिच्या अलीकडे गारोनच्या चंद्रकोरी वळणावर बोर्डो शहर आहे, आणि खाडीच्या डाव्या तीराने उत्तरेस समुद्रापर्यंत गेलेली चिंचोळी पट्टी म्हणजे मेदोक. 1878 च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या एका रोगाने तेथल्या वेलींची पाने गळू लागली. आपल्याकडे नाशिकचे द्राक्षबागायतदार त्याला केवडा म्हणतात. 1882 साली बोर्डोच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे हे सँ-झ्युलियँ गावातल्या द्युक्र्यू-बोकायू या मळ्याजवळून जात असता त्यांना दिसले की आतल्या वेली निष्पर्ण झाल्या आहेत, पण रस्त्यालगतच्या ओळींची पाने हिरवीगार आहेत आणि त्यांच्यावर निळसर डाग आहेत. चौकशी केली तेव्हा मळ्याच्या कारभाऱ्याने सांगितले की वाटसरू द्राक्षे तोडून खातात, म्हणून त्यांना विषाची भीती वाटावी या हेतूने कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडण्याची येथली रीत आहे. चोर भ्यायले की नाही हे इतिहासाला माहीत नाही. केवडा मात्र भ्याला. मियार्दे यांनी गेयाँ या रसायनज्ञ सहकाऱ्याच्या साहाय्याने प्रयोग केले, 1885 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि चोरांसाठी योजलेले हे बुजगावणे यशस्वी बुरशीनाशक ठरून देशोदेशीच्या शेतांत गेले. संत्र्याच्या बुंध्यातून डिंक पाझरायला लावणारा रोग आणि वेलीचा केवडा यांना कारण होणारे सूक्ष्म जीव, पाण्यातून हिंडणारे, शास्त्राच्या वर्गीकरणात एकमेकांचे जवळचे आप्त आहेत. म्हणून जे मेदोकात लागू पडले ते जामच्या काठीही पडते.

काही वर्षांपूर्वी मी ते मेदोक पाहिले होते, आणि खरे सांगायचे तर प्रथमदर्शनी निराश झालो होतो. सौंदर्याच्या दृष्टीने पाहू जाता तो प्रदेश अगदीच सपाट आणि सौम्य. ना डोंगर, ना दरी. मार्गो, सँ-झ्युलियँ, पोइयाक अशी छोटी गावे, त्यांच्यामध्ये कंबरेइतक्या उंचीच्या वेलींच्या काटेकोर ओळी, आणि मधून मधून एकोणिसाव्या शतकातल्या धनिकांनी बांधलेले राजवाडावजा मळे. परंतु वेलींच्या मुळाशी वाकून पाहिले की त्या मुलखाचे मर्म हाताला लागते. तेथे माती जवळजवळ नाहीच. नदीने युगानुयुगे आणून टाकलेले गोटे आणि वाळू आहे. या गोट्यांतून पाणी झिरपून जाते, दिवसाची ऊब रात्रीपर्यंत टिकते, आणि अन्नपाण्याच्या शोधात वेलीची मुळे खोल जातात. उत्तम पीक येण्याइतकी ती जमीन सुपीक नाही आणि उत्तम फळ येण्याइतकी ती कंजूष आहे, असे तेथल्या एका वृद्ध कारभाऱ्याने आम्हांला ऐकवले होते. सतराव्या शतकापर्यंत या पट्टीचा बराच भाग दलदलीत होता. हॉलंडच्या जलतज्ज्ञांनी चर खणून तो कोरडा केला, तेव्हा कुठे आजचे मळे शक्य झाले. ज्या भूमीला आपण निसर्गदत्त म्हणून वंदन करतो, तिच्यात चर खणणाऱ्यांचाही वाटा असतो.

तेथल्या तळघरात काबर्ने सोव्हिन्याँ आणि मर्लो या द्राक्षांच्या मिश्रणाची वाइन ओठांना लावली तेव्हा पहिल्या घोटात जांभळाचा तुरटपणा जिभेवर बसला, आणि मग बऱ्याच वेळाने, ओल्या मातीचा आणि देवदाराच्या पेटीचा म्हणावा असा एक वास मागून आला. ज्या घरात मद्याचा उच्चारही दबक्या आवाजात होई तेथे वाढलेल्या माझ्यासारख्याने या विषयात अधिकारवाणीने बोलू नये, हे मी जाणतो. तरीही एवढे म्हणतो की त्या पेयाची खरी मोहिनी पहिल्या घोटात नाही, ती प्रतीक्षेत आहे: वीस वर्षे बाटलीत पडून राहून जे मऊ होते, ते आज कठोर असल्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. आमच्या संत्र्याला हे भाग्य नाही. तोडल्यापासून पंधरवड्यात त्याचा निकाल लागतो.

पांढुर्ण्याच्या त्या बगीच्यात हिंडताना मात्र साम्यांनी मला घेरले. येथली जमीन गोट्यांची नाही, काळी आहे. पण वाटेल ती काळी जमीन संत्र्याला चालत नाही. तीन-चार फूट खोल, खाली मुरूम असलेली, पाण्याचा निचरा करणारी आणि चुनखडी नसलेली हवी. चुनखडीच्या पट्ट्यात झाड पिवळे पडते आणि चिबडात मुळे कुजतात. कास्तकार फावड्याच्या एका घावात जमीन ओळखतो. दुसरे साम्य पाण्याचे. संत्र्याला सतत पाणी दिले तर ते वर्षभर थोडे थोडे फुलत राहते आणि धड एकही पीक देत नाही. म्हणून कास्तकार त्याचे पाणी तोडतो, बगीचा ताणावर सोडतो, पाने कोमेजून माना टाकू लागली की मग पाणी देतो, आणि तहानलेले झाड एकदम फुलांनी भरून जाते. हिवाळ्यातल्या ताणानंतर जानेवारी-फेब्रुवारीत येतो तो आंबिया बहार, त्याची फळे दिवाळीच्या मागेपुढे उतरतात; उन्हाळ्याच्या ताणानंतर मृगाच्या पावसावर येतो तो मृग बहार, त्याची फळे फेब्रुवारी-मार्चात. आंबियाच्या फळात आंबटपणाची एक धार असते, मृगाचे फळ गोडीला अधिक भरते. मला स्वतःला आंबियाच आवडतो, परंतु बाजार माझ्या बाजूचा नाही. मेदोकातही वेलीला पोटभर पाणी देणे कायद्याने आणि संकेताने वर्ज्य मानलेले आहे. उपवासाने फळात सत्त्व येते, हे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना वेगवेगळ्या वाटांनी उमगले.

तिसरे साम्य मुळांचे. येथे जे झाड संत्रे म्हणून मिरवते, त्याची मुळे संत्र्याची नसतात. जंबेरीच्या, म्हणजे रानटी आंबट लिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून ते कलम केलेले असते. 1860 नंतर अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या सूक्ष्म किड्याने फ्रान्सच्या वेलींची मुळे कुरतडून मळेच्या मळे उजाड केले, तेव्हा त्यावरचा उपायही अमेरिकेच्याच रानवेलींच्या मुळांवर फ्रेंच द्राक्षाचे कलम करणे हाच ठरला. आणि त्या कलमांच्या संशोधनातही बोर्डो मिश्रणाचे जनक मियार्दे अग्रभागी होते. म्हणजे ज्या वाइनीच्या शुद्ध कुळाची एवढी कौतुके होतात ती शतकाहून अधिक काळ परक्या मुळांवर उभी आहे. कुळाचा अभिमान बाळगणाऱ्या सर्वांनी हे एकदा मनाशी घोळवावे.

आता व्यापाराकडे येतो, कारण खरा फरक तेथेच आहे. पांढुर्ण्यात बगीचा बहुधा फळ हिरवे असतानाच विकला जातो. व्यापारी येतो, ओळीओळीतून फिरतो, झाडांवरच्या फळांचा नजरेनेच अंदाज बांधतो, आणि सगळा बगीचा उक्ता ठरवून इसार देतो. पुढे गारपीट झाली, फळगळ झाली किंवा भाव कोसळला, तर उरलेल्या पैशाची वाटाघाट नव्याने सुरू होते, आणि अशा वाटाघाटीत कोणाचा आवाज बारीक असतो हे सांगायला नको. बोर्डोतही वाइन पिंपात असतानाच, सुगीनंतरच्या वसंतात, दलालांच्या मध्यस्थीने घाऊक व्यापाऱ्यांना विकली जाते आणि बाटल्या हाती यायला दोन वर्षे लागतात. वायदा दोन्हीकडे आहे, दलाल दोन्हीकडे आहेत. परंतु बोर्डोच्या दलालांनी एक गोष्ट केली: त्यांनी लिहून ठेवले. कोणत्या मळ्याची वाइन कोणत्या वर्षी कोणत्या भावाने गेली, याची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद त्यांच्या वह्यांत होती. आणि तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत, 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी, जेव्हा उत्तम वाइनींची यादी मागण्यात आली तेव्हा त्या वह्यांतल्या भावांवरून त्यांनी मळ्यांच्या पाच श्रेणी लावून दिल्या. पहिल्या श्रेणीत लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ, असे चारच. आज त्या यादीत तांबड्या वाइनीचे 61 मळे आहेत, आणि दीडशेहून अधिक वर्षांत महत्त्वाचा बदल एकच झाला: 1973 साली मूताँ हा मळा दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत आला. त्या हुकुमावर सही करणारे तत्कालीन कृषिमंत्री झाक शिराक पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले.

अशा अचल यादीत अन्यायही आहे, हे कबूल. जमिनी हस्तांतरित झाल्या, मालक बदलले, काही मळे आळसावले, श्रेणी मात्र सनदेसारखी वंशपरंपरेने चालू राहिली. तरीही त्या यादीने एक वहिवाट पाडली: फळ ज्या मातीतून आले त्या मातीचे नाव त्याच्यासोबत शेवटपर्यंत जायचे. हे काही अनादी काळापासून नव्हते. 1924 पर्यंत बोर्डोची वाइन पिंपांतून शहराच्या धक्क्यावर जाई, तेथल्या व्यापाऱ्यांच्या वखारीत बाटलीबंद होई, आणि त्यात काय मिसळले जाई याचा जाब कोणी विचारीत नसे. त्या वर्षी मूताँच्या तरुण मालकाने, फिलिप द रोथशिल्ड यांनी, आपली सगळी वाइन मळ्यातच बाटलीत भरण्याचा आग्रह धरला आणि मग इतरांनी तो उचलला. मळ्यात भरलेल्या बाटलीचा हा जो थाट आपल्याला पुरातन वाटतो, त्याचे वय आपल्या आजोबांहून जास्त नाही.

आमचे संत्रे अजून त्या धक्क्यावरच आहे. पांढुर्ण्याच्या फळाची कॅरेटे ट्रकात चढली की ते नागपुरी होते. 1985 पासून या फळाचे संशोधन करणारी केंद्रीय संस्था नागपुरात आहे, बाजारपेठ नागपुरात आहे, आणि भौगोलिक मानांकनही 2014 साली मिळाले ते नागपूरच्या नावाने. यात कोणी लबाडी केली असे नाही. झाड तेच, जात तीच. मध्य प्रदेश सरकारने एक जिल्हा एक उत्पादन या योजनेत येथल्या संत्र्याची निवड केली आहे आणि सातपुड्याच्या नावाने ते विकण्याची खटपटही चालली आहे, परंतु बाजारातल्या अडत्याला मी त्याविषयी विचारले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “दिल्लीवाल्याले नागपूर म्हटलं की समजते काकाजी. सातपुडा म्हटलं तर तो इचारते, हा कोणता हिल स्टेशन?” नावाने भाव मिळतो, आणि भाव कागदावर राहिला तर नाव होते, हे चक्र कोणीतरी कोठून तरी सुरू करावे लागते, आणि ते सरकारी बोधचिन्हाने सुरू होत नाही.

दुपारनंतर सौंसरकडे निघालो. वाटेत मोहगाव लागते, आणि सौंसरच्या अलीकडे-पलीकडे बगीच्यांची गर्दी पुन्हा दाटते. सौंसर हे पांढुर्ण्याहून शांत, कचेऱ्यांच्या वळणाचे गाव. जवळच बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत 1991 पासून रेमंडची कापडगिरणी आहे, आणि पंचक्रोशीतल्या पुष्कळ घरांत एक भाऊ गिरणीत, एक बगीच्यात, अशी वाटणी झालेली दिसते. जामसावळीच्या हनुमानाचे दर्शन घेतल्याविना येथून कोणी जाऊ देत नाही. पिंपळाखाली निजलेली ती मूर्ती पाहायला शनिवार-मंगळवारी नागपुराहून झुंडी येतात, आणि देवळाबाहेर नारळांइतकीच संत्र्यांचीही विक्री होते. पूर्वी नागपूर-छिंदवाडा ही अरुंद मापाची आगगाडी सौंसरवरून धावत असे. 2015 साली ती रुंद मार्गासाठी बंद झाली, आणि त्या इवल्या डब्यांतून संत्र्यांच्या टोपल्या घेऊन नागपुरास गेल्याची आठवण सांगणारी एक आजी मला देवळाच्या आवारात भेटली. “पायापाशी टोपली अन् मांडीवर पोर,” एवढेच तिचे वर्णन होते, पण त्यात सगळा डबा आला.

उत्तरेस पाहिले की सातपुड्याची भिंत दिसते. त्या भिंतीवर मोह आहे, गोंडांची गावे आहेत, आणि मोहाच्या फुलांची दारूही आहे. बोर्डोशी बरोबरी शोधायला निघालेल्या एखाद्या पंडिताने खरे तर तिकडे जायला हवे होते. नाशिकच्या वेलींचे आणि तिथल्या वाइनीचे तर आता पुष्कळ लिहून येते. माझे मन मात्र फळात अडकले.

सौंसरच्या एका शेतात, रस्त्याला लागूनच, मुळासकट उपटलेली संत्र्याची झाडे रचून ठेवलेली होती. वीस-पंचवीस वर्षे झाली की झाड थकते, हे एक कारण. बोअरची खोली वाढत जाते आणि पाणी कमी, हे दुसरे. आणि तिसरे भावाचे. येथल्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश होता. त्याने आयात शुल्क वर्षागणिक चढवीत नेले आणि निर्यातीची वाट आक्रसली. मालकाने आता कपाशी लावणार म्हणून सांगितले. तेव्हा मला बोर्डोचीच दुसरी बाजू आठवली. तिथे 61 मळ्यांची कीर्ती अबाधित आहे, पण त्यांच्याभोवती हजारो लहान शेतकरी आहेत ज्यांच्या बाटलीवर प्रसिद्ध मळ्याचे नाव नाही. तांबडी वाइन पिणारे जगभर घटले, मालाला उठाव राहिला नाही, आणि 2023 साली फ्रेंच सरकारने पैसे देऊन तेथल्या सुमारे साडेनऊ हजार हेक्टरांवरील वेली उपटून टाकण्याची योजना मान्य केली. शिवाय ज्या मोरचुदाने वेली वाचवल्या त्याचे तांबे सुमारे दीडशे वर्षांत तेथल्या जमिनीत साचले आहे, आणि युरोपातल्या कायद्याने आता हेक्टरी सात वर्षांत अठ्ठावीस किलोंची मर्यादा घातली आहे. तेव्हा कीर्तीने सगळ्यांचे पोट भरते, असे समजून कोणी पांढुर्ण्याचे बोर्डो करायला निघू नये. कीर्तीचा लाभ होतो, पण तो वाटला जातो शिखरावरच्यांत. पायथ्याच्या माणसाला त्यातला वाटा हवा असेल तर त्याचे नाव, गाव आणि भाव वहीत उतरले पाहिजे.

माझा अभिप्राय विचाराल तर मुलूख म्हणून मला पांढुर्णा-सौंसर मेदोकाहून सरस वाटले. तेथे खाडी आहे, येथे डोंगर आहे. तेथल्या मळ्याच्या फाटकावर भेटीची वेळ ठरवून जावे लागते, येथे अनोळखी माणसाला “या नं काकाजी, चहा घ्या” म्हणून बगीच्यात ओढून नेतात आणि निघताना पिशवी भरून देतात, पैसे पुढे केले तर रागावतात. फळाविषयी बोलायचे तर झाडावर पिकून उतरवलेले, साल सैल सुटणारे, अजून दवाने थंड असलेले आंबियाचे संत्रे ज्याने बांधावर बसून सोलले नाही, त्याने नागपुरी संत्रे खाल्ले आहे असे मी मानत नाही. शहरात पोचते ते त्याचे मेणाचा हात फिरवलेले भावंड असते.

वाचकांनी जावे. आंबिया हवा असेल तर दिवाळीनंतर, मृग हवा असेल तर फेब्रुवारीच्या उत्तरार्धात. सावनेरहून डाव्या हाताने पांढुर्णा गाठावे आणि सौंसरवरून परतावे, म्हणजे एकच वाट दोनदा तुडवावी लागत नाही. आणि जाणे जमले नाही, तर आपल्या गावच्या बाजारात संत्री घेताना दुकानदाराला एवढे जरूर विचारावे, की ही नागपूरची म्हणता ती कोणत्या गावची. त्याला ते ठाऊक नसेल. पण शंभर गिऱ्हाइकांनी विचारले तर तो अडत्याला विचारील, आणि अडत्याला ते कुठेतरी लिहून ठेवणे भाग पडेल.